खंडेनवमी आणि लिटमसचा कागद

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा ज्या मुलीकडे आहे, तिनं फोन करून मला हुकूमच सोडला. "काका, तुम्ही डिफेन्सवाले ना? मग लढाईच्या टाइमचं काहीतरी लिहा ना, तोप-वोप के बारे में. पण मराठीत हं." आता या मुलीला कसं सांगावं, की जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अख्खी नोकरी करूनही मी तोफ पाहिली ती फक्त गेटाजवळच्या गोल बगिच्यात ठेवलेली, आणि तिच्या नळीत चिमण्यांनी घरटं केलेलं होतं. माझी नोकरी सगळी गेली कागद भिजवण्यात. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी असिस्टंट होतो आणि बोटाच्या पेराएवढ्या लाल-निळ्या पट्ट्या ओल्या करून त्यांचा रंग बदलतो का, हे पाहण्याचा मला पगार मिळायचा. कामगार मला 'लिटमस बाबू' म्हणत. माझं खरं आडनाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं.

लिटमस काय असतं ते शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सगळेच विसरलेले असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, त्याच्या गोतातल्याच एका दगडावर वाढणाऱ्या जिनसेपासून हा रंग काढतात आणि तो कागदाला पाजतात. आंबट वस्तू लागली की निळा कागद लाल होतो. खारट नव्हे, खाराची वस्तू, म्हणजे सोडा, चुना, साबण असलं काही लागलं की लाल कागद निळा होतो. दोन्ही कागद जसेच्या तसे राहिले तर ती वस्तू उदासीन. आमच्या कारखान्यात उदासीन वस्तूला फार मान होता. उदासीन माणसंही पुष्कळ होती, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं.

लढाईच्या मालाला याची काय गरज, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की आई का ओरडायची ते आठवा. धातूला आंबट चालत नाही. पितळ हिरवं पडतं, लोखंड गंजतं. अॅल्युमिनियमचं दुखणं उलटं, त्याला खार सोसत नाही. खार लागला की त्याच्यावर पांढरी पिठी धरते आणि आतून ते खाल्लं जातं. कारखान्याचा माल पेटीत बंद होऊन कुठल्या तरी डोंगरावर वर्षानुवर्षं पडून राहणार, आणि ऐन वेळी तो चालला पाहिजे. म्हणून त्या पेटीत धातूला जे जे शिवणार, म्हणजे सुतळी, लोकरीचा जाड नमदा, गोंद, कापड, पुठ्ठा, ते सगळं आधी माझ्या टेबलावर यायचं. कंत्राटदारांना वाटायचं, बाबू मुद्दाम अडवतो. एकानं तर गोंदाच्या डब्याबरोबर खोव्याच्या जिलेबीचा पुडाही पाठवला. मी दोघांनाही कागद लावला. गोंद आंबट निघाला म्हणून परत पाठवला, जिलेबीबद्दल अहवाल देण्याची पद्धत नव्हती म्हणून ती सगळ्यांनी मिळून खाल्ली.

असल्या माणसाच्या घरी काय होत असेल ते ओळखा. प्रयोगशाळेत तुकडे उरत, ते मी खिशात घालून आणायचो, आणि आमच्या सगळ्या चेरीताल मोहल्ल्याला ते माहीत होतं. संध्याकाळी सायकल दाराशी लावली की ओट्यावर कुणीतरी बसलेलंच असायचं. कुणाचं लोणचं, कुणाचा पापडखार, कुणाच्या मुलीच्या तोंडाची आग करणारा घमापूर मोहल्ल्यातला सुट्या वडीचा साबण. त्या साबणाला लावताच कागद असा दचकून निळा झाला, की मी त्या बाईंना म्हटलं, यानं मोरी धुवा, मुलगी नको. एक निवृत्त रेल्वे गार्ड दर अमावास्येला नर्मदेचं पाणी बाटलीत भरून आणायचे. दोन्ही कागद तसेच राहायचे. ते दर वेळी हात जोडून म्हणायचे, "मैया कुणाचीच बाजू घेत नाही." एका सुनेनं हळूच विचारलं होतं, सासूबाईंच्या जिभेला लावून पाहता येईल का. मी म्हटलं, येईल, पण कागद त्यांच्यापुढे धरायला तुम्हीच या. ती काही आली नाही.

सगळ्यांत गाजलं ते आमच्या दूधवाल्याचं प्रकरण. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून हे लोक त्यात चिमूटभर सोडा टाकतात. मी त्याच्या देखत लाल कागद दुधात बुडवला आणि तो निळा झाला. गल्ली जमलेली. दूधवाला जराही डगमगला नाही. त्यानं सांगितलं की म्हशीला पोटदुखी होती म्हणून तिला सोडा चारला होता, तोच उतरला असेल. यावर आमची मालती, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मग म्हशीला आल्याचा रस पाज बाप्पा, आम्हाले चहा तरी सोपा होईल." त्या दिवसापासून दूध चांगलं येऊ लागलं, पण आमच्या घरी तो कपाळाला आठ्या घालूनच माप घालायचा.

हे सगळं सुखाचं चालू असताना पासष्टची लढाई आली. कारखान्यात सुट्ट्या बंद झाल्या, पाळ्या लांबल्या, भिंतींना कान असतात अशी पत्रकं जिकडेतिकडे लागली. लढाई थांबल्याची बातमी सप्टेंबरात आली, पण आमचं थांबलं नाही. जे संपलं ते भरून काढायचं होतं. लोकांची मनंही शांत झाली नव्हती. घंटाघराजवळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका बिचाऱ्याला लोकांनी हेर म्हणून धरलं होतं. का, तर त्याच्या दुकानात तारा फार होत्या.

त्या वेळी आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या एका छोट्या पुर्जाची मोठी मागणी होती. तो कापून झाला की त्याला तेल लागलेलं असतं. ते काढायला गरम सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं आणि मग साध्या पाण्याच्या एकामागून एक हौदांतून काढायचं, म्हणजे सोडा निघून जातो. हे काम इस्माईल चाचांचं. घमापुरात राहायचे, वयस्कर, बारीक अंगाचे, सोड्यानं बोटांची कातडी कायमची पांढरी पडलेली. शेवटच्या हौदातलं पाणी ते बाटलीत भरून माझ्याकडे आणून देत. नंतर ट्रेमध्ये वाळत ठेवलेल्या पुर्जांवर मी ओला लाल कागद टेकवून बघायचो. कागद लालच राहिला तर माल पुढे. चाचांचा माल मी परत पाठवला आहे, असं माझ्या आठवणीत नव्हतं.

त्या शेडचे फोरमन होते दादासाहेब पांढरीपांडे. आमच्या चेरीतालचेच, मूळ अमरावतीकडचे, मराठी मंडळाचे चिटणीस, उंच, धिप्पाड आणि विलक्षण देवभोळे. कारखान्यात सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा व्हायची, ती सगळ्यांची. यंत्रांना शेंदूर, फुलं, प्रसाद. दादासाहेब त्यात असायचेच, पण त्यांचं समाधान व्हायचं ते खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे शस्त्रं पूजतात. दरवर्षी ते सकाळी लवकर शेडमध्ये येऊन आपली अवजारं मांडून पूजा करायचे आणि मग सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावून पेढा द्यायचे. त्या वर्षीही दिला. मी घेतला, प्रयोगशाळेचे प्रमुख बॅनर्जी साहेब घेऊन गेले, सुरक्षा अधिकाऱ्यांनी तर दोन घेतले.

पेढा खाऊन मी कागद आणि ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली घेऊन चाचांच्या शेडमध्ये गेलो. पहिल्या ट्रेवरच्या पहिल्या पुर्जाला कागद टेकवला तर तो निळा. मला वाटलं, माझाच हात खराब आहे. हात धुतले, नवा कागद घेतला. निळा. दुसरा ट्रे, तिसरा ट्रे, पुढच्या टेबलावरचे ट्रे, सगळीकडे निळा. चाचा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "ऐसा कैसे हो सकता है बाबू, हमने खुद निकाला है." त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन उजेडात धरला आणि परत दिला.

तेवढा सगळा माल अडला म्हणजे लहान गोष्ट नव्हती. बघता बघता शेडमध्ये मोठी माणसं जमली. पहिला तर्क साधाच होता, चाचांनी घाईत धुण्यात कुचराई केली. दादासाहेब त्यांच्या बाजूनं जोरात भांडले. इस्माईल एक वेळ जेवायचा विसरेल, पण पाणी बदलायचा विसरणार नाही, असं ते म्हणाले. बॅनर्जी साहेब तोवर एकेका पुर्जाला कागद लावत होते. ते तिरसट होते, पण डोकं लखलखीत. त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि दाखवलं की प्रत्येक ट्रेमधली फक्त पुढची, वाटेकडची ओळ निळी येते आहे. मागच्या सगळ्या ओळी साफ आहेत. सोडा निघाला नसता तर सगळाच माल निळा आला असता. म्हणजे धुण्यात चूक नाही.

साहेबांना चाचांना सोडवायचं होतं. झालं उलटंच. सुरक्षा अधिकारी फौजेतून आलेले, त्यांनी लगेच विचारलं, मग हाताला येईल तेवढ्याच ओळीला खार कुणी लावला? शेडची चावी कुणाकडे असते? चावी चाचांकडे होती. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं, की याचा भाऊ फाळणीत तिकडे गेला, कराचीत असतो. सकाळपर्यंत जो कामचुकार होता तो दुपारपर्यंत गद्दार झाला. चाचांचा गेटपास काढून घेतला, त्यांना सुरक्षा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. उद्या सकाळी पोलिसांच्या ताब्यात देणार, घमापुरातल्या घराची झडती होणार, असं कळलं. त्या दिवसांत अशी झडती झाली म्हणजे माणूस पुढे सुटला तरी त्या घराला मोहल्ल्यात राहता येणं कठीण होतं. चाचांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या.

ज्यांनी अनेक वर्षं त्यांच्या डब्यातला खिमा खाल्ला होता, ती माणसं त्या बाकासमोरून जाताना दुसरीकडे पाहत होती. मीही गेलो त्या समोरून. मी मान हलवली, त्यांनीही हलवली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी थांबलो मात्र नाही, आणि याची आजही खंत वाटते.

संध्याकाळी सायकल मारत घरी आलो तर घरात बायकाच बायका. नवरात्राचं हळदीकुंकू. मी मागच्या दारानं सटकायला बघत होतो, पण मालतीनं पकडलं. बाजारातलं कुंकू लावून तिघीचौघींच्या कपाळाला खाज सुटली होती, त्यात रंग घालतात म्हणे. मग काय, लिटमस बाबू घरातच होते. "अहो, नुसता कागद लावायचा आहे. काहून तोंड पाडून राहिले?" ती म्हणाली. मी तिला कारखान्यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायची परवानगीही नव्हती.

दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत बाजारचं कुंकू, दुसरीत घरगुती. घरगुती म्हणजे आमच्या आळीत एकच, पांढरीपांडे काकूंचं, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नीचं. हळकुंडाला चुन्याची निवळी आणि पापडखार पाजून त्या दरवर्षी कुंकू करत आणि चेरीतालभर वाटत. हळद खारानंच लाल होते. साबण लागला की कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो, तो हाच प्रकार. गाळ खाली बसल्यावर वरच्या पाण्यात कागद बुडवले. बाजारच्या वाटीत काहीच झालं नाही, नुसता रंग. काकूंच्या वाटीत लाल कागद निळा झाला. मी सवयीनं जाहीर केलं, हे अस्सल. बायका खूश झाल्या. मालती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुमच्या कपाळालेही अस्सलच आहे. सकाळपासून तसंच मिरवून राहिले."

मी कपाळाला हात लावला. बोटाला कुंकू आलं. ते ओलं करून त्याच्यावर कागद टेकवला. निळा. शेडमध्ये सकाळी जमलेली सगळी माणसं माझ्या डोळ्यापुढे आली. बॅनर्जी साहेब, मी, दादासाहेब आणि स्वतः सुरक्षा अधिकारी, सगळे खार लावणाऱ्याला शोधत होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर तो खार होता. मला एकाच वेळी हसू आलं आणि घाम फुटला. विश्वकर्मा पूजेला कधी काही झालं नव्हतं, कारण तिथे शेंदूर असतो, त्यानं लिटमस हलत नाही. आणि विश्वकर्म्याला यंत्र पूजतात. खंडेनवमीला शस्त्र पूजतात. आमच्या कारखान्यात शस्त्र म्हणजे ट्रेमध्ये वाळत पडलेलं.

चहा न घेताच दादासाहेबांकडे गेलो, दोन गल्ल्यांपलीकडे. ते देवघरासमोर बसले होते. पाटावर त्यांचा मायक्रोमीटर, फुटपट्टी आणि हातोडी, सगळ्यांवर झेंडूची फुलं. मी सरळ विचारलं, सकाळी तुम्ही अवजारांचीच पूजा केली ना? ते म्हणाले, दरवर्षी तेवढीच करतो, पण या वर्षी माल लढायला चालला होता, तेव्हा त्यालाच कुंकू लावलं. प्रत्येक ट्रेला पुढून एकेक बोट. शेड उघडायला त्यांच्याकडे फोरमनची दुसरी चावी होतीच. पूजा झाल्यावर ओल्या फडक्यानं सगळं नीट पुसून घेतलं, कारण मालाला डाग राहता कामा नये, एवढा नियम त्यांना पक्का ठाऊक होता. पुसण्यानं रंग गेला आणि खार तेवढा सगळ्या ओळीवर पसरला. हे त्यांना सुचलं नाही. मलाही दिवसभर सुचलं नव्हतं.

मी सांगायला लागलो तर ते चिडले. "सदाभाऊ, कुंकवानं काय होते? बाया जन्मभर कपाळाले लावतात."

"कपाळ अॅल्युमिनियमचं नसते, दादासाहेब."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. मी खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. देवापुढच्या करंड्यातलं कुंकू त्यांनी स्वतः पळीतल्या पाण्यात कालवलं, स्वतः कागद बुडवला. कागद निळा झाला. तो कागद त्यांनी पाटावर मायक्रोमीटरशेजारी ठेवला. मला माहीत होतं ते काय मोजत आहेत. निवृत्ती तोंडावर आली होती. लढाईच्या मालाला परवानगीशिवाय काही लावणं हा गुन्हाच होता, मग ते देवाचं का असेना. आणि मी गप्प बसलो तर हे कुणालाही कधी कळणार नव्हतं. त्यांना तेही समजत होतं. मी गप्प बसणार नव्हतो, पण ते त्यांनी माझ्याकडून ऐकावं असं मला वाटत नव्हतं.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तो माणूस तिथं बसून राहिला असंल अजून. कोट आणून देऊ का?"

दादासाहेब उठले. कोट घातला, काळी टोपी घातली, करंडा उचलून खिशात टाकला. आम्ही सायकली काढल्या. सुरक्षा ऑफिसात शिरून त्यांनी करंडा टेबलावर ठेवला आणि आमच्या मराठी माणसांच्या हिंदीत सांगितलं, "साहब, माल को मैंने हाथ लगाया है. इस्माईल ने नहीं. जो लिखना है, मेरे नाम पे लिखो." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जितका आदर वाटला, तितका नंतर फार थोड्या लोकांबद्दल वाटला.

अधिकाऱ्यांना आधी ही थट्टाच वाटली. पण सिव्हिल लाइन्समधून बॅनर्जी साहेबांना बोलावून घेतलं. साहेबांनी पद्धतशीर काम केलं. एक साफ पुर्जा घेतला, आधी कागद लावून तो साफ असल्याची खात्री केली, मग कुंकू लावलं, ओल्या फडक्यानं पुसलं, वाळू दिलं आणि पुन्हा कागद टेकवला. निळा. साहेब खो खो हसायला लागले. मग त्यांचं लक्ष अधिकाऱ्यांच्या कपाळाकडे गेलं आणि ते आणखी हसले. अधिकाऱ्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. दादासाहेबांना लेखी ताकीद मिळाली. बॅनर्जी साहेबांनी शब्द टाकला आणि प्रकरण तेवढ्यावर मिटलं, पेन्शनला धक्का लागला नाही. पुढच्या वर्षीपासून मालाला पूजेसाठी हात लावू नये, अशी पाटी शेडमध्ये लागली. कारण मात्र पाटीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून नवी माणसं ते मला विचारत आणि मी रंगवून सांगत असे.

चाचांना बाहेरून आत बोलावलं. अधिकाऱ्यांनी त्यांचा पास टेबलावरून पुढे सरकवला आणि म्हणाले, "ठीक है, घर जाओ." एवढंच. चाचांनी पास उचलला आणि विचारलं, मालाचं काय? तो परत धुवावा लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं. मग उद्या येतो, म्हणाले. उद्या दसरा होता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा हौदाच्या एका बाजूला चाचा आणि दुसऱ्या बाजूला बाह्या वर केलेले दादासाहेब, दोघं ट्रे बुचकळत होते. फोरमननं हौदात हात घालायची रीत नव्हती, पण त्यांना कुणी अडवलं नाही. काम संपल्यावर दादासाहेबांनी खिशातून आपट्याची पानं काढून चाचांच्या हातात ठेवली. चाचांना सोनं म्हणजे काय ते ठाऊक होतं, इतकी वर्षं मराठी माणसांत काढलेली. त्यांनी पानं खिशात ठेवली, दादासाहेबांना मिठी मारली आणि दादासाहेब लहान मुलासारखे रडले. शेडमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळं छान झालं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मलाही तसंच वाटत होतं. मग दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी चाचा नेहमीप्रमाणे शेवटच्या हौदाचं पाणी घेऊन आले. त्याआधी ते बाटली टेबलावर ठेवत, सलाम करून निघून जात. मी कागद बुडवतो की नाही, काय रंग येतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बाटली ठेवली आणि ते उभेच राहिले. मला वाटलं, काही सांगायचं असेल. काही नव्हतं. मी दोन्ही कागद बुडवले, दोन्ही तसेच राहिले. त्यांनी वाकून ते पाहिले आणि मग गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर रोजच. मी कामात असलो तर ते स्टुलावर बसून राहायचे, पण कागद पाहिल्याशिवाय हलायचे नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा नेम एक दिवस चुकवला नाही.

एकदा मला राहवलं नाही. जरा चेष्टेनंच मी विचारलं, काय चाचा, माझ्यावर भरोसा नाही का?

ते हसले. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं, हे मला त्या हसण्यातही कळलं.

"भरोसा तो सबको हम पर भी था, बाबू," ते म्हणाले. "काम तो उस दिन कागज ही आया."

मी कागद बुडवला. रंग बदलला नाही. चाचांनी पाहिलं, बाटली उचलली आणि ते कामाला गेले.